मोकळे आणि मोफत

ब्राउझरमधली एखादी चूक कोणाला तरी सापडते, ती दुरुस्त होते, दुरुस्ती आपल्या संगणकात येऊनही पडते, आणि तरी आपला संगणक पूर्वीइतकाच असुरक्षित राहतो. हे कसे काय? या लेखात मला एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न यंत्राचा वाटेल. मला तो पडला मात्र शिक्षकांच्या बदल्यांच्या हंगामात, मंठा तालुक्यातल्या आमच्या केंद्रशाळेत, आणि उत्तर शोधता शोधता मी यंत्रापेक्षा माणसांवरच अधिक वैतागलो.

यंदाही तो हंगाम आला आहे. वैशाख उतरणीला लागला आहे. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचून झाल्या आहेत, मोसंबीच्या बागा टँकरवर तगून आहेत, आणि बियाणे कंपन्यांच्या गाड्या भोंगे लावून गावोगाव फिरत आहेत. त्या भोंग्यातला आवाज कपाशीच्या वाणाचे गुण इतक्या मायेने सांगतो की वधूपित्यानेही लाजावे. शाळेला सुट्टी असते, पण शाळा रिकामी नसते. बंद वर्गांत कोंडलेल्या खडूच्या वासात, खडखडणाऱ्या कूलरसमोर, जिल्हा परिषदेचे शिक्षक बदलीचा ऑनलाइन अर्ज भरायला संगणकाभोवती बसलेले असतात. एरवी प्रकृती विचारणारा माणूस या दिवसांत अर्जातला शाळांचा पसंतीक्रम विचारतो. आज सकाळी मी माझा संगणक उघडला, तेव्हा ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात तीच सूचना दिसली: अद्ययावत होण्यासाठी पुन्हा सुरू करा. ती पाहिली आणि मला खरात मॅडमची ती दुपार आठवली. पण त्या दुपारपर्यंत पोचण्याआधी तीन शब्दांचा उलगडा करणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच वैशाखात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक सूचना फिरत फिरत आली. मुळात ती इंग्रजीत असावी आणि कोणीतरी ती यंत्राकडून मराठीत करून घेतली असावी. कोणी काढली, हे आमच्यापर्यंत येईतो गळून पडले होते. तीत म्हटले होते की ब्राउझरमध्ये ‘स्मृती भ्रष्टाचार’ आढळला असून ‘मोफत केल्यानंतर वापर’ या प्रकारचा धोका संभवतो, तरी सर्वांनी त्वरित अद्ययावत व्हावे. ब्राउझरने अद्ययावत व्हायचे की वाचणाऱ्याने, हेही त्यावरून कळत नव्हते.

आमचे मुख्याध्यापक बोराडे सर हे अत्यंत नेटके गृहस्थ. हजेरीपटावर त्यांनी कधी खाडाखोड होऊ दिली नाही. सूचना वाचून त्यांनी चष्मा काढला.

“गुरुजी, आपल्या शाळेत भ्रष्टाचार झाला का काही?”

“सर, हा तो भ्रष्टाचार न्हाई.”

“मंग कोणता? पोषण आहाराचा?”

“स्मृतीचा.”

“म्हणजे कोणी काही विसरलं का?”

मी समजावू लागलो तेवढ्यात गटावर पहिल्या शाळेचे उत्तर येऊन पडले: ‘निरंक’. शाळेच्या जगाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, वरून एखादी माहिती मागवली आणि आपल्याकडे कळवण्यासारखे काहीच नसले, की निरंक असे लिहितात. इथे माहिती कोणी मागवलेलीच नव्हती. पण एका शाळेने निरंक कळवल्यावर दुसरी शाळा मागे राहणे शक्य नव्हते. दुपारपर्यंत सगळ्या केंद्रातून निरंक, निरंक, निरंक अशी माळ लागली. बोराडे सरांनीही कळवले. वर मला म्हणाले, “झालं. विषय मिटला.”

विषय मिटला नव्हता. या वाक्यासंबंधी माझी जी चिडचिड तेव्हा झाली, ती अजून पुरती शमलेली नाही. म्हणून ती बाजूला ठेवून जरा शिकवतो.

संगणकाची स्मृती म्हणजे काम चालू असताना त्याला लागणारी जागा. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्यातली अक्षरे, चित्रे, हिशेब हे सगळे ब्राउझर या जागेत आखून आखून ठेवतो. ‘करप्शन’ या इंग्रजी शब्दाचा इथला अर्थ भ्रष्टाचार नव्हे, बिघाड. ठेवलेले जसे ठेवले तसे न राहणे. नोकरीच्या आरंभी मी वाटूरच्या पलीकडे एका दोन शिक्षकी शाळेत होतो. वर्गखोली एक, फळा एक. आम्ही फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढत असू. डावीकडे तिसरीचा अभ्यास, उजवीकडे चौथीचा. एके दिवशी माझे सहकारी तिसरीला संख्येचे विस्तारित रूप शिकवत होते. त्यांचे अक्षर टपोरे. चार हजार अधिक तीनशे, इथवर लिहून होईतो रेघ आली. ते थांबले नाहीत. ‘अधिक वीस अधिक सात’ हे रेघेपलीकडे गेले आणि चौथीच्या वजाबाकीला जाऊन चिकटले. संध्याकाळी मी चौथीच्या वह्या तपासल्या, तर साऱ्या वर्गाने वजाबाकीच्या उत्तरापुढे अधिक वीस अधिक सात असे निष्ठेने उतरवलेले. मी रागावलो तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “फळ्यावर होतं गुरुजी.”

संगणकाचेही म्हणणे एवढेच असते. आपल्या जागेत जे आहे ते तो मुकाट पाळतो. ते कोणी लिहिले हे विचारत नाही. आता असे समजा की एखाद्या खोडकराला रेघ नेमकी कुठे आहे आणि तिसरीचे गुरुजी थांबत नाहीत, हे ठाऊक आहे. तो तिसरीच्या बाजूला असे काही लिहायला लावेल की रेघेपलीकडे बरोबर ‘आज सुट्टी’ एवढेच जाऊन पडेल. चौथीचा वर्ग दप्तरे उचलून घरी. हल्ला तो हाच. त्यासाठी आपण काही उतरवून घ्यावे लागत नाही, कुठे होकार द्यावा लागत नाही. तसे पान नुसते उघडले तरी पुरते.

दुसरा प्रकार तो ‘मोफत’वाला. ब्राउझरचे एखाद्या जागेतले काम संपले की तो ती जागा मोकळी करतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला वापरता येते. पण कधी कधी प्रोग्रामच्या एखाद्या कोपऱ्यात त्या जागेचा जुना पत्ता तसाच लिहिलेला राहतो, आणि पुढे गरज पडली की प्रोग्राम त्याच पत्त्यावर जातो. तिथे आता दुसराच राहत असतो. यालाच ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. मोकळी केल्यानंतरचा वापर. मराठीत मोकळे आणि मोफत हे दोन निराळे शब्द आहेत, इंग्रजीत दोहोंचे काम ‘फ्री’ हा एकच शब्द भागवतो. आपली भाषा अधिक श्रीमंत असल्याचा आपल्यालाच फटका बसावा, हे मी प्रथमच पाहिले. यंत्राने दोन शब्दांतून नेमका नको तो उचलला, आणि बोराडे सरांनी त्याचा सरळ अर्थ लावला: फुकटचे वापरले की धोका.

त्या अर्थाला अनुसरून त्यांनी ग्रामपंचायतीचे फुकट वायफाय प्रथम बंद केले. मग आपला ब्राउझरही फुकटचाच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर मागे बसवून ते नवीन जालन्याला घेऊन गेले. स्टेशनकडच्या रस्त्यावर हंगामाची गर्दी उसळली होती. बियाणे कंपन्यांच्या कार्यालयांपुढे विक्रेत्यांच्या गाड्या आडव्यातिडव्या लागलेल्या, हमालांच्या पाठीवर खोकी, रिक्षांचा कलकलाट. त्या सगळ्यातून वाट काढत आम्ही एका संगणकाच्या दुकानात शिरलो.

“एक ब्राउझर द्या,” बोराडे सर म्हणाले. “बिलासकट.”

दुकानदाराने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. “सर, ब्राउझर विकत न्हाई मिळत. ते फुकटच राह्यते.”

“फुकटचं नको म्हणूनच तर आलो मी एवढ्या उन्हात.”

“बिलकुल न्हाई मिळत सर. सगळी दुनिया फुकटचंच वापरून राह्यली.”

“म्हणूनच सगळ्या दुनियेत भ्रष्टाचार आहे,” सर म्हणाले.

दुकानदार मुरलेला होता. त्याने मागच्या फळीवरून विषाणूरोधकाचा, म्हणजे अँटिव्हायरसचा, एक चकचकीत डबा काढून काचेवर ठेवला. “मंग हे घेऊन जा. पॅक डबा. बिल बी देतो पक्कं.”

“यात ब्राउझर आहे?”

“यात सगळं आहे.”

“सर, यात ब्राउझर न्हाई,” मी म्हणालो.

“गुरुजी, तुमचं दर गोष्टीत असंच. दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त समजतं का?”

परतीच्या वाटेवर तो डबा माझ्या मांडीवर होता. वाऱ्यावर मागे वळून सर समाधानाने म्हणाले, “खर्चा झाला तर झाला. पण आता आपला वापर मोफत राह्यला न्हाई.”

चालत्या मोटारसायकलवर व्याकरण शिकवता येत नाही.

आता तिसरा शब्द, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. लागणे. आपल्याकडे फोन लागतो, ऊन लागते, बस फलाटाला लागते, तशी साइट लागते. साइट ‘उघडली’ असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. उघडणे आपल्या हातात असते, लागणे नशिबात. सकाळपासून बटण दाबत बसावे, मधले चक्र फिरत राहावे, वीज जावी, इन्व्हर्टरने टुकटुक करावे, आणि अचानक एखाद्या क्षणी पान समोर यावे. मग सगळ्या खोलीतून आवाज: “लागली, लागली.” आणि एकदा लागलेली साइट कोणी बंद करत नाही. आमच्या संगणकाच्या पडद्याला बोराडे सरांनी एक चिठ्ठी चिकटवली होती. सुवाच्य अक्षरात, खाली तांबडी रेघ मारून: ‘ब्राउझर बंद करू नये. आदेशावरून.’

त्यामुळे तो ब्राउझर कधीच बंद होत नसे. रात्री यंत्र झोपी जाई, सकाळी जसेच्या तसे जागे होई. वरच्या पट्टीत टॅब इतके दाटले होते की एकाचेही नाव वाचता येत नसे. पगाराचे पान, शिष्यवृत्तीचे पान, कोणी शोधलेली कैरीच्या लोणच्याची कृती, कधीच संपून गेलेल्या सामन्याचा धावफलक, आणि फुकट मार्गदर्शिका देण्याच्या नावाखाली दर थोड्या वेळाने जाहिरात उघडणारे एक संशयास्पद पान. वास्तविक त्या सूचनेतली दुरुस्ती आमच्या संगणकात आधीच येऊन पडली होती. ब्राउझर ती आपण होऊन आणतो. पण चालू असलेला ब्राउझर जुन्याच संहितेवर, म्हणजे कोडवर, चालत राहतो. तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडला तरच नवी लागू होते. नवी पुस्तके कपाटात येऊन पडली आहेत आणि वर्गात जुनेच पुस्तक चालू आहे, अशी ती अवस्था. कोपऱ्यातली खूण आधी हिरवी होती, मग नारिंगी झाली, मग लाल. मी रोज दाखवत असे. रोज कोणीतरी म्हणत असे, “उद्या करू सर, आज साइट लागली आहे.”

सुरेखा खरात मॅडम आमच्याकडे पाचवीला मराठी शिकवत. त्यांचे यजमान नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात नोकरीला. चार वर्षांची मुलगी तिथेच वडिलांजवळ आणि सासूबाईंजवळ राही. मॅडमनी आरंभी रोज ये-जा करून पाहिली, पण कमरेने साथ सोडली, तेव्हा त्यांनी मंठ्यात एक खोली भाड्याने घेतली आणि शनिवारी घरी जाऊ लागल्या. मुलगी त्यांना शनिवारची मम्मी म्हणे. “तिच्या हिशेबात सोमवारची मम्मी दुसरी कोणीतरी असणार,” असे त्या हसत सांगत. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नसे. त्या वैशाखात बुद्धपौर्णिमेला विहारात लहान मुलांची गाणी होती. मुलीने प्रथमच माइकसमोर गाणे म्हटले आणि मॅडमनी ते, साइट लागायची वाट पाहत केंद्रशाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहून, तुटक तुटक, फोनवर पाहिले. जालना तालुक्यातली कोणतीही शाळा, एवढीच त्यांची इच्छा होती. पसंतीक्रम भरायची मुदत होती, आणि मी सांगतो ती दुपार त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाची.

मोबाइलवर पसंतीक्रमाचा तक्ता अर्धाच दिसे, म्हणून सगळी मदार शाळेच्या संगणकावर. सकाळपासून त्या बसल्या होत्या. दुपारी साइट लागली. त्यांनी आपले नाव, संकेतशब्द, फोनवर आलेला क्रमांक, सगळे भरून आत प्रवेश मिळवला आणि शाळांची नावे एकेक करून क्रमाने लावू लागल्या. मी शेजारी उभा होतो. तेवढ्यात ते फुकट मार्गदर्शिकांचे पान आपोआप पुढे आले. मॅडमनी ते मागे ढकलले. ते पुन्हा आले. या खेपेस त्याने एक खिडकी उघडली, ती मिटली, आणि संगणक क्षणभर गोठला.

“मॅडम,” मी म्हणालो, “ब्राउझर बंद करा.”

“काय म्हणता सर? आत्ता?”

“आत्ताच.”

त्यांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. “सर, तुमचं बराबर असेल. पण सकाळपासून बसले तेव्हा कुठं लागली. परत लागेल का?”

“सांगता येत नाही.”

“तुम्ही असता तर केला असता बंद?”

“केला असता.”

“तुमचं नाव यंदा बदलीत न्हाई ना सर.”

बोराडे सर पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, “अहो गुरुजी, आपण निरंक कळवलेलं आहे. वर विकतचा डबा बसवला आहे. आता कशाची भीती?”

मी त्यांच्याकडे लक्ष न देता मॅडमना विचारले, “तुम्ही खोली घेतली, तिथं आधी कोण राहत होतं?”

“तलाठी होते एक. का?”

“त्यांचं कोणी येतं का अजून?”

“येतं म्हणजे? पहिल्या महिन्यात एका सकाळी हिंगोलीकडून अख्खं घर आल्तं. पिशव्या, पेट्या, एक म्हातारी. दार वाजवून ‘काका, काका’ करू लागले. मी दार उघडलं तर म्हातारी मलाच म्हणते, तू कोण? मी चहा पाजला अन् वाटेला लावलं. अन् त्यांची पार्सलं तर अजून येतात माझ्या दारात.”

“तुम्ही चहा पाजला. दुसरं कोणी असतं तर?”

“तर म्हातारीची पेटी गेली असती,” त्या म्हणाल्या.

“ब्राउझरमध्ये तेच झालेलं आहे. तलाठी गेले, खोली मोकळी झाली, पण पत्ता कोणी खोडला नाही. कोण येणार हे माहीत असलेला माणूस मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसू शकतो. येणारा दार वाजवतो आणि पेटी त्याच्या हातात देतो.”

मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. “म्हणजे माझ्या नावानं आत बसून तो माझा क्रम बदलू शकतो? मला उचलून दुसऱ्या टोकाला टाकू शकतो?”

इथे मी शिक्षक म्हणून काळजीपूर्वक बोललो, आणि आताही तसेच लिहितो. बदलेलच, असे मी म्हणालो नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला निराळ्या बंदिस्त खोलीत ठेवायचा प्रयत्न करतो, त्यामुळे एका चुकीने सगळे घर सहसा उघडे पडत नाही. हल्लेखोराला एकापुढे एक अशा दोन-तीन चुका जोडाव्या लागतात. ते पान असे काही करत होते, की नुसते जाहिरातींना हपापलेले होते, हेही मला ठाऊक नव्हते. मी एवढेच सांगितले की जमले तर त्याला तुमच्या नावाने वावरता येईल. आणि ज्या दुरुस्तीने हे दार बंद होते ती या यंत्रातच पडून आहे. आपण ती लागू होऊ देत नाही.

त्यांनी ‘जतन करा’ वर बोट दाबले. चक्र फिरले, फिरत राहिले. जतन झाल्याची पावती आली नाही. मग त्यांनी स्वतःच माऊस नेऊन कोपऱ्यातली फुली दाबली. ब्राउझर बंद झाला, पुन्हा उघडला. लाल खूण नाहीशी झाली. आणि साइट लागली नाही.

ती दुपारभर लागली नाही. कूलरमधले पाणी संपले, नुसता पंखा गरम वारा फेकत राहिला. बाहेर बियाण्यांची गाडी येऊन गेली, परत आली. मॅडम दर थोड्या वेळाने बटण दाबत होत्या, पांढरे पान पाहत होत्या. बोराडे सर मला म्हणाले, “गुरुजी, लागलेली साइट घालवली तुम्ही बाईंची.”

“मी घालवली सर,” मॅडम त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. “माझ्या हातानं.”

उजेड सरला तेव्हा त्या उठल्या. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. वाटेत त्यांच्या फोनवर मुलीचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी पडद्यावरचे नाव पाहिले आणि फोन वाजू दिला.

त्या संध्याकाळी माझा जो संताप झाला, तो नेमका कोणावर हे ठरवायला मला बराच काळ लागला. यंत्राकडून भाषांतर करवून न वाचता पुढे ढकलणाऱ्यावर? होता. न विचारलेल्या प्रश्नाला निरंक कळवणाऱ्यांवर? त्यांच्यावर तर होताच. ब्राउझर लिहिणाऱ्यांवरही होता. जागेची राखण ज्या भाषांत माणसाच्या दक्षतेवर सोपवलेली असते, अशा भाषांत त्यांनी वर्षानुवर्षे एवढा अवाढव्य प्रोग्राम लिहिला. आता कुठे ते त्याचे भाग हळूहळू अशा भाषांत आणत आहेत, जिथे रेघ ओलांडू पाहणाऱ्याला भाषाच अडवते. पण राग ओसरल्यावर एक गोष्ट शिल्लक राहिली आणि ती मला आजही बोचते. खरात मॅडम म्हणत होत्या ते चुकीचे नव्हते. बोराडे सरांची ती तांबड्या रेघेची चिठ्ठीसुद्धा, तिच्या जागी, शहाणपणाचीच होती. जी साइट एकदा सुटली की परत हाती लागत नाही, ती धरून ठेवणाऱ्याला अडाणी कसे म्हणावे? आपण लोकांना सांगतो, सुरक्षित राहा, बंद करून उघडा. आणि ज्यांच्यावर त्यांचे पगार, प्रवेश, बदल्या टांगलेल्या आहेत, ती संकेतस्थळे अशी बांधतो की बंद करणाऱ्यालाच शिक्षा व्हावी. मग दुरुस्ती यंत्रात येऊन पडते आणि माणूस तिला आत घेत नाही. आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

दुसऱ्या दिवशी तांत्रिक अडचणींमुळे मुदत वाढवल्याची सूचना आली. अशी सूचना जवळजवळ दर वर्षी येते, पण ती येईल यावर विसंबून कोणाला झोपता येत नाही. बोराडे सरांनी ती गटावर पुढे पाठवली आणि खाली लिहिले, ‘मी म्हणालोच होतो.’ ते तसे काहीही म्हणाले नव्हते. मॅडमनी पुन्हा बसून सगळा क्रम नव्याने लावला. या वेळी जतन झाल्याची पावती आली. आदेश निघाला तेव्हा त्यांना तिसऱ्या पसंतीची शाळा मिळाली होती, जालना तालुक्यात, नवीन जालन्यातल्या घरून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या अंतरावर. त्या दुपारी ब्राउझर बंद केला नसता तर काही बिघडले असते का, हे मला सांगता येणार नाही. टळलेल्या गोष्टीचा पुरावा मागे उरत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे कबूल करणे जड जाते, पण खरे आहे.

खोली सोडताना मात्र मॅडमनी एक काम केले, ते मी पाहिले. दूधवाला, टपालवाला, बँक, गॅसचे दुकान, किराणा, सगळीकडे स्वतः जाऊन सांगितले की उद्यापासून मी इथे नाही, माझ्या नावाचे काही आले तर या पत्त्यावर पाठवू नका. घरमालक म्हणाले, “एवढं कशाला मॅडम? लोकांना समजतंच की.” त्या म्हणाल्या, “तुमच्या तलाठ्याच्या म्हातारीला न्हाई समजलं.”

परवा त्यांचा फोन आला होता. नव्या शाळेत आता बदल्यांच्या वेळी संगणकावर त्याच बसतात.

“सर, मी इथं एक पद्धत लावली आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळी आल्या आल्या, कोणी साइटला हात लावायच्या आधी, ब्राउझर पूर्ण बंद करायचा, उघडायचा, आवृत्ती पाहायची. मंग बसायचं. एकदा साइट लागली की कोणालाबी सांगून उपयोग न्हाई. मला तरी कुठं झाला असता? तुम्ही आडवे आले म्हणून.”

“कोणी कुरकुरतं का?”

“रोज कुरकुरतात. म्हणतात, मॅडम, जल्दी करा.” मागे एका लहान मुलीचा आवाज येत होता, कसलेसे पाढे म्हणत होती. “थांबा सर, हिचा सातचा पाढा चुकून राह्यला,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. वार बुधवार होता.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग मॅडमच्या या पद्धतीत आहे. दुरुस्ती लागू होण्याची वेळ काम सुरू होण्याआधीची असते. काम हातात आल्यावर ती वेळ निघून गेलेली असते. मी मात्र इतकी वर्षे मधल्या वेळी जाऊन सांगत होतो.

आता विनंती. मी सांगितले म्हणून काहीही मान्य करू नका. आज एखाद्या संकेतस्थळावर आपले नाव घालण्याआधी आपल्या संगणकावरचा ब्राउझर उघडा. कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर किंवा आडव्या रेघांवर दाबा, मदत या विभागात जा आणि ब्राउझरविषयीची माहिती उघडा. तिथे तो अद्ययावत आहे असे लिहिलेले असेल, किंवा पुन्हा सुरू करा असे, किंवा तुमची प्रणाली जुनी झाल्याने यापुढे दुरुस्त्या येणार नाहीत असे. दुसरे असेल तर हातातले काम जतन करून ब्राउझर बंद करा, उघडा आणि पुन्हा तिथेच जाऊन खात्री करून घ्या. तिसरे असेल तर त्या यंत्रावर बँकेचे किंवा बदलीचे काम करू नका. मोबाइलवर ब्राउझर वापरत असाल, तर अ‍ॅपच्या दुकानात जाऊन त्याची दुरुस्ती बाकी आहे का, तेही पाहा. कृपया स्वतः तपासून पाहा.